विद्येचे कप्पे

गेल्या महिन्यांत आमच्या वडील वहिनींचे दोन्ही पाय घोट्यापाशीं सुजले. वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षांत गेलेल्या आमच्या नातवास आम्ही कारण विचारलें. त्यानें हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडाची रचना व यकृताचीं कार्यें अस्खलित सांगितलीं. परंतु सूज कशानें आली हें कांहीं सांगतां येईना. "आजोबा, हे सारे विषय निरनिराळ्या तासांना झाले," तो ओशाळून म्हणाला. दुसरे दिवशीं डॉक्टरांनीं चार प्रश्न विचारले, पायांवर बोट दाबून पाहिलें आणि गोळ्यांचा डबा मागितला. रक्तदाबासाठीं नव्यानें सुरू केलेली अ‍ॅम्लोडिपिनची गोळीच कारण निघाली. ती त्यांनीं बदलून दिली व सूज उतरली. (वाचकांनीं मात्र आपल्या मतानें कोणतीही गोळी सोडूं नये.)

आमच्या मतें दोष मुलाचा नव्हे, कप्पे पाडणाऱ्या शिक्षणाचा आहे. १९१० सालीं अब्राहम फ्लेक्सनर यांनीं अमेरिका व कॅनडा येथील वैद्यकशाळांची पाहणी करून, पहिलीं दोन वर्षें मूलशास्त्रें व पुढील दोन वर्षें रुग्णालय, अशा योजनेचा पुरस्कार केला. हे गृहस्थ वैद्य नव्हते. आमच्यासारखेच शिक्षक होते. त्यांच्या अहवालानंतर पुष्कळ निकृष्ट शाळा बंद पडल्या, हें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे. पण त्या वाटणीनें शास्त्र आणि रोगी यांमध्यें भिंतही उभी राहिली.

ती पाडण्याचा धीट प्रयोग १९६९ सालीं कॅनडांतील हॅमिल्टन येथें मॅकमास्टर विद्यापीठानें वीस विद्यार्थी घेऊन आरंभिला. तेथें आधीं व्याख्यान नाहीं. आधीं रोग्याची हकीकत. थोडे विद्यार्थी एकत्र बसून ती वाचतात, आपणांस काय ठाऊक आहे व काय नाहीं याचें टिपण करितात, स्वतंत्र वाचन करून पुन्हां जमतात. शिक्षक उत्तर सांगत नाहीं, प्रश्न विचारतो. एका सुजलेल्या पायापायीं शारीर, जीवरसायन, औषधिविज्ञान, इतकेंच नव्हे तर घरांतील लोणच्या-पापडांपर्यंत जावें लागतें. हॉलंडांत मास्ट्रिख्ट येथें १९७४ पासून हीच रीत चालू झाली. भारतांतही २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमांत विषयांची सांगड घालण्याचें धोरण आहे.

पाठांतर सुटलें तर पाया कच्चा राहील, ही शंका अगदींच खोटी नाहीं. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या समालोचनांत असे विद्यार्थी रोगी तपासण्यांत चांगले, पण मूलशास्त्रांच्या परीक्षेंत कधीं कधीं मागें, असें आढळलें. आम्ही संस्कृताचीं रूपें पाठ करून घेतलीं, याचा आम्हांस पश्चात्ताप नाहीं. पश्चात्ताप आहे तो रूपें एका तासाला व श्लोक दुसऱ्या तासाला ठेवल्याचा. मुलांना विभक्ति बिनचूक येत. श्लोक पुढें ठेवला कीं अन्वय लागत नसे.

हल्लीं नातू सुटींत मोठ्या आजीजवळ बसतो, तिचें दुखणेंखुपणें ऐकतो, गोळ्यांचा डबा उघडून पाहतो, आणि मग पुस्तक काढतो. हा क्रम आम्हांस योग्य वाटतो.