काळा घोडा

मुंबईच्या दक्षिण भागात ‘काळा घोडा’ नावाचा परिसर आहे. पूर्वी येथे इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा अश्वारूढ पुतळा होता. १९६५ साली तो हलविण्यात आला. पुतळा गेला, परंतु लोकांच्या तोंडचे नाव मात्र राहिले. २०१७ साली त्याच परिसरात नवा काळा घोडा उभा राहिला. त्याच्या पाठीवर स्वार नाही.

स्वार का बरे नसावा? क्षणभर थांबून असा प्रश्न मनात आणणे, ही आजच्या कलेच्या आस्वादाची पहिली पायरी होय.

जवळच १९५२ साली स्थापन झालेले जहांगीर कलादालन आहे. तेथे कलावंत आपल्या नव्या कृती मांडतात. तेथील प्रदर्शने विनामूल्य पाहता येतात. तरीही ‘आपल्याला यातले काय कळणार?’ असे म्हणून कित्येक जण दारावरूनच परत फिरतात. हा संकोच व्यर्थ आहे. थोर चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदीच्या काळात याच शहरात चित्रपटांचे भव्य फलक रंगविले. रस्त्याने जाणारे-येणारे ते पाहत असत. पुढे त्याच हाताने काढलेली चित्रे कलादालनांत झळकली.

चित्रासमोर उभे राहताच ‘हे कशाचे चित्र?’ असे विचारण्याची घाई करू नये. कोणता रंग डोळ्यांत भरतो, रेषा कोठे धावते, मन प्रसन्न होते की अस्वस्थ, हे आधी पाहावे. दोघांची मते भिन्न झाली तरी बिघडत नाही. तो घोडा सर्वांपुढे उभा आहे. त्यावर कोणाला बसवावे, की त्याला मोकळाच राहू द्यावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.