टिकाऊ कोणासाठी?

१९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने टिकाऊ विकासाची व्याख्या केली. आजच्या गरजा भागवताना पुढील पिढ्यांच्या गरजांवर गदा येऊ नये, असा तिचा आशय. आपल्याकडच्या मलनिस्सारण योजनांतही 'टिकाऊ' हा शब्द आता सर्रास येतो. निकष मात्र ठरलेले : खर्च किती, पाइप किती वर्षे टिकेल, नदी किती दूषित होईल. तुंबलेली वाहिनी कोण उपसणार, हे त्यांत नसते. ते जातीने आधीच ठरवून ठेवले आहे.

गटारात माणूस निष्काळजीपणामुळे मरतो, असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निर्माण होतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते आणि उतरणाऱ्याला धोका कळत नाही. तो कोसळतो, त्याला काढायला गेलेलाही कोसळतो. पण त्याला उतरावे का लागले? गल्लीत उपसा करणारी गाडी शिरत नाही, सेप्टिक टँकचे झाकण फरशीखाली गाडलेले, म्हणून. हा मृत्यू बांधकामाच्या नकाशातच असतो.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधने न देता माणूस गटारात उतरवणे हा गुन्हा ठरला. म्हणजे साधने दिली की उतरवण्याची वाट मोकळी! सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई २०१४ साली १० लाख ठरवली, २०२३ साली ३० लाख केली. अर्थशास्त्र शिकवताना मी देखभाल-खर्चाचे सदर फळ्यावर लिहितो. हे ३० लाख कोणत्या सदरात धरावेत, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही.

आणि पुढील पिढ्या? महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याची नोकरी मिळते. त्या घराला ती भाकरी हवीच आहे, तिच्यावर बोट ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण बापाचा झाडू मुलाच्या हाती जाणे हे व्यवस्थेचे टिकणे झाले.

म्हणून माझा पहिला निकष : ज्या बांधकामात त्याच्या आयुष्यात एकदाही माणसाला मैल्यात उतरावे लागेल, त्याला मंजुरी नको. हे अशक्य नाही. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवतात. एक-दोन वर्षांत पहिल्यातल्याचे कोरडे सोनखत होते. दाट वस्तीत हे जमत नाही; तिथे गाडीला वाट आणि यंत्रांचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच हवा. तो नंतरवर ढकलला की ठेकेदार येतो, आणि ठेकेदाराला यंत्रापेक्षा आपला माणूस स्वस्त पडतो.

विद्यार्थ्यांनी आपल्या नगरपालिकेच्या मलनिस्सारण योजनेचे अंदाजपत्रक माहितीच्या अधिकारात मागवावे. देखभालीच्या सदराखाली यंत्रे किती आणि माणसे किती, एवढे आधी पाहावे.