देहप्रतिमा व कृशतेचा आदर्श

स्वतःच्या शरीराचा आकार, आकारमान व रूप यांविषयी व्यक्तीच्या मनात असलेले चित्र आणि त्या चित्राशी निगडित असलेल्या भावना व मूल्यनिर्णय यांस मिळून ‘देहप्रतिमा’ असे म्हणतात. स्त्रीचा देह अतिशय सडपातळ असेल तरच तो सुंदर, अशी जी धारणा विसाव्या शतकात प्रथम पाश्चात्त्य देशांत व नंतर अन्यत्र रूढ झाली, तिला ‘कृशतेचा आदर्श’ असे म्हणता येईल. नियतकालिके, जाहिराती, चित्रपट, दूरचित्रवाणी व अलीकडील काळात समाजमाध्यमे यांच्याद्वारा हा आदर्श सतत समोर येत राहिल्याने स्त्रियांच्या, विशेषतः किशोरवयीन मुलींच्या, देहप्रतिमेवर जो परिणाम होतो, तो मानसशास्त्र, मानसोपचारशास्त्र, समाजशास्त्र व सामाजिक मानवशास्त्र यांच्या अभ्यासाचा विषय आहे.

संकल्पना : ऑस्ट्रियन मानसोपचारज्ञ पाउल शिल्डर (१८८६–१९४०) याने १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात देहप्रतिमेची सविस्तर मीमांसा केली. देहप्रतिमा म्हणजे केवळ इंद्रियसंवेदनांचा समुच्चय नव्हे. इतर लोक आपल्या शरीराकडे कसे पाहतात, याचाही तिच्या घडणीत वाटा असतो, असे त्याने दाखवून दिले. त्यामुळे प्रत्यक्ष देह आणि देहप्रतिमा यांत मोठी तफावत पडू शकते. हिल्डे ब्रूख (१९०४–८४) या मानसोपचारतज्ज्ञ विदुषीने १९६२ मध्ये असे नमूद केले, की ॲनोरेक्सिया नर्व्होसा या विकाराने अस्थिपंजर झालेल्या मुलींनाही आपण कृश आहोत हे जाणवत नाही. निरोगी स्त्रियांतही ही तफावत सौम्य स्वरूपात आढळते. ती मोजण्यासाठी अत्यंत कृश ते अत्यंत स्थूल अशा क्रमाने काढलेल्या नऊ आकृतींची मालिका वापरण्यात येते. एप्रिल फॅलन व पॉल रोझिन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अशा आकृती दाखविल्या. पुरुषांनी निवडलेली स्वतःची आकृती व इष्ट आकृती जवळजवळ सारखी होती. स्त्रियांनी मात्र इष्ट म्हणून निवडलेली आकृती स्वतःच्या आकृतीहून बरीच कृश होती. शिवाय पुरुषांना आवडत असेल असे त्यांना वाटत होते ती आकृतीही पुरुषांनी प्रत्यक्षात पसंत केलेल्या आकृतीहून कृश होती. स्वतःच्या देहाविषयीचे असमाधान स्त्रियांत इतके सार्वत्रिक आहे, की असमाधान हीच सर्वसाधारण स्थिती मानावी लागते, असे मत ज्युडिथ रॉडिन व तिच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : कृशता हे सौंदर्याचे शाश्वत लक्षण नाही. जेथे अन्नाची शाश्वती नसते, तेथे भरलेले अंग हे संपन्नतेचे व आरोग्याचे चिन्ह ठरते. फ्लेमिश चित्रकार पीटर पॉल रूबेन्स (१५७७–१६४०) याच्या चित्रांतील स्त्रिया पुष्ट अंगाच्या आहेत. मराठी भाषेतही या दृष्टीच्या खुणा टिकून आहेत. ‘तब्येत सुधारली’ असे म्हणताना वजन वाढल्याचाच बोध होतो. ‘बाळसे धरणे’ हे सुलक्षण, तर ‘वाळणे’, ‘खंगणे’, ‘रोडावणे’ ही काळजीची चिन्हे होत. ‘चवळीची शेंग’ ही उपमा सडपातळ बांध्याची वाखाणणी करते खरी. तथापि तिच्यात नाजूकपणाबरोबर टवटवीतपणाही अभिप्रेत असतो, उपासमार नव्हे.

पाश्चात्त्य देशांत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास चित्र पालटू लागले. लुलू हंट पीटर्स (१८७३–१९३०) या अमेरिकन महिला डॉक्टरचे कॅलरी मोजून वजन घटविण्याचा मार्ग सांगणारे पुस्तक १९१८ मध्ये प्रसिद्ध झाले व त्याचा प्रचंड खप झाला. १९२० नंतरच्या दशकात सपाट छाती व अरुंद कटी यांना शोभतील असे सरळ घाटाचे पोशाख लोकप्रिय झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर काही काळ पुष्ट बांध्याला पुन्हा पसंती मिळाली. परंतु १९६६ मध्ये ‘ट्विगी’ (म्हणजे काटकुळी) या नावाने प्रसिद्धी पावलेल्या लेस्ली हॉर्नबी या किशोरवयीन ब्रिटिश मॉडेलच्या छायाचित्रांनी कृशतेचा आदर्श जगभर पोहोचविला. डेव्हिड गार्नर व त्याचे सहकारी यांनी १९५९ ते १९७८ या वीस वर्षांतील ‘मिस अमेरिका’ स्पर्धेतील युवती आणि ‘प्लेबॉय’ मासिकातील मॉडेल यांच्या मोजमापांचा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध केला. या काळात आदर्श मानल्या गेलेल्या स्त्रिया उत्तरोत्तर कृश होत गेल्या, तर सर्वसामान्य तरुण स्त्रियांचे सरासरी वजन वाढत गेले, असे त्यात दिसून आले. याच काळात स्त्रियांच्या मासिकांतील वजन घटविण्यासंबंधीच्या लेखांची संख्याही वाढली. आदर्श व वास्तव यांतील अंतर दोन्ही बाजूंनी वाढत गेले, हे या अभ्यासाचे सार होय.

माध्यमांच्या प्रभावाची प्रक्रिया : स्वतःचे मूल्यमापन करण्यासाठी माणूस इतरांशी तुलना करतो, असा सिद्धांत लीऑन फेस्टिंगर (१९१९–८९) याने १९५४ मध्ये मांडला. पूर्वी ही तुलना गावातील व नात्यातील स्त्रियांशी होत असे, व त्यांत सर्व वयांच्या व सर्व बांध्यांच्या स्त्रिया असत. छापील व चलत् चित्रांमुळे ती थोड्याशा निवडक देहांशी होऊ लागली. हे देह निवडीने, प्रकाशयोजनेने आणि छायाचित्रांवरील संस्काराने घडविलेले असतात, याची जाणीव पाहणारीला असतेच असे नाही; आणि असली, तरी तिने तुलना टळत नाही. पुढे हा बाह्य आदर्श आंतरिक होतो, म्हणजे तो स्वतःचाच हेतू वाटू लागतो. बार्बरा फ्रेडरिकसन व टॉमी-ॲन रॉबर्ट्स यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, जी संस्कृती स्त्रीदेहाला पाहण्याची वस्तू मानते, त्या संस्कृतीत वाढणारी मुलगी स्वतःच्या देहाकडे प्रेक्षकाच्या नजरेने पाहण्यास शिकते. त्यातून लज्जा व चिंता वाढतात, आणि भूक, थकवा यांसारख्या शरीराच्या आंतरिक संवेदनांची जाण मंदावते.

कृश मॉडेलांची चित्रे पाहिल्यावर स्त्रियांचे स्वतःच्या देहाविषयीचे मत तत्काळ अधिक प्रतिकूल होते, असा निष्कर्ष २५ प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणातून २००२ मध्ये काढण्यात आला. हा परिणाम एकोणीस वर्षांखालील मुलींत अधिक तीव्र होता. समाजमाध्यमांमुळे या प्रक्रियेत मैत्रिणींच्या निवडक छायाचित्रांची भर पडली. ‘इन्स्टाग्राम’ चालविणाऱ्या कंपनीचे अंतर्गत संशोधन २०२१ मध्ये वृत्तपत्रांतून उघड झाले. ज्या किशोरींना आपल्या देहाविषयी आधीच वाईट वाटत होते, त्यांपैकी ३२ टक्के मुलींनी या माध्यमामुळे ती भावना वाढत असल्याचे त्यात सांगितले होते.

फिजीचे उदाहरण : माध्यमांचा परिणाम इतर सामाजिक बदलांपासून वेगळा काढून पाहणे सहसा अवघड असते. त्यामुळे दक्षिण पॅसिफिकमधील फिजी बेटांवरील अभ्यासाला विशेष महत्त्व आहे. फिजीच्या मूळ रहिवाशांत भरदार देह प्रशस्त मानला जात असे. व्यक्तीचा देह हा तिच्या एकटीच्या प्रयत्नांचे फळ नसून कुटुंबाने व गावाने केलेल्या पोषणाची व जिव्हाळ्याची साक्ष होय, अशी तेथील समजूत असल्याचे ॲन बेकर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ विदुषीने नोंदविले आहे. कोणी वाळू लागले, की शेजारीपाजारी चिंता करीत व भूक वाढविण्यासाठी औषध देत.

नाड्रोगा या प्रांतात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. त्यानंतर काही आठवड्यांतच बेकर व तिच्या सहकाऱ्यांनी माध्यमिक शाळांतील ६३ मुलींची पाहणी केली, व १९९८ मध्ये त्याच पद्धतीने ६५ मुलींची पाहणी केली. आहारविषयक वृत्तींच्या चाचणीत चिंताजनक गुणांक मिळालेल्या मुलींचे प्रमाण या तीन वर्षांत १२·७ टक्क्यांवरून २९·२ टक्क्यांवर गेले. वजन घटविण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी १९९५ मध्ये आढळली नव्हती. १९९८ मध्ये हे प्रमाण ११·३ टक्के होते. दुसऱ्या पाहणीतील ७४ टक्के मुलींना आपण फार जाड आहोत असे निदान अधूनमधून तरी वाटत होते, व ६९ टक्के मुलींनी वजन घटविण्यासाठी आहार कमी केला होता. मुलाखतींमध्ये अनेक मुलींनी परदेशी मालिकांतील नायिकांसारखे दिसण्याची इच्छा व्यक्त केली. या इच्छेमागे निव्वळ नटण्याची हौस नव्हती. सडपातळ स्त्रीला नोकरी मिळते व समाजात पुढे जाता येते, असा बोध त्यांनी त्या मालिकांतून घेतला होता. ज्या देहाची निगा पूर्वी इतरांनी राखावयाची, तो देह आता प्रत्येकीने एकटीने घडवावयाचा व विकावयाचा माल बनू लागला होता.

या दोन पाहण्यांतील मुली वेगवेगळ्या होत्या आणि त्यांची संख्या लहान होती. त्यामुळे निष्कर्ष जपून घ्यावे लागतात. तथापि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५२३ फिजियन मुलींच्या पाहणीत असेही दिसून आले, की मुलीने स्वतः किती पाहिले यापेक्षा तिच्या मैत्रिणींच्या मेळ्यात माध्यमांचा प्रसार किती आहे, याचा आहारविकृतीशी अधिक संबंध असतो. घरात दूरचित्रवाणी संच नसणे हे पुरेसे संरक्षण ठरत नाही.

भारतातील स्थिती : भारतात १९९१ पासून उपग्रह वाहिन्यांचा प्रसार झाला. १९९४ मध्ये सुश्मिता सेन ‘मिस युनिव्हर्स’ व ऐश्वर्या राय ‘मिस वर्ल्ड’ ठरल्यानंतर सौंदर्यस्पर्धा, व्यायामशाळा व प्रसाधने यांचा व्यवसाय झपाट्याने वाढला. २००८ मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने ‘झिरो साइज’ हा शब्दप्रयोग मराठी वृत्तपत्रांतही रुळला. विवाहविषयक जाहिरातींत वधूच्या गौरवर्णाच्या जोडीला सडपातळ बांध्याचीही अपेक्षा नोंदविली जाते. दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील १८·७ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी, तर २४ टक्के स्त्रियांचे अधिक आढळले. ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी होत्या. घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले खाणारी स्त्री आणि स्वेच्छेने उपाशी राहणारी मुलगी यांची कारणे भिन्न असली, तरी दोघींच्या देहाची झीज सारखीच होते. ज्या समाजात स्त्रीच्या अल्पाहाराला व उपवासाला आधीच प्रतिष्ठा आहे, तेथे नव्या आदर्शापायी धरलेला उपवास घरच्यांच्या लवकर ध्यानात येत नाही.

शारीरिक व मानसिक परिणाम : यौवनारंभी मुलींच्या शरीरात चरबीचे प्रमाण वाढणे ही नैसर्गिक घटना असून मासिक पाळी सुरळीत राहण्यासाठी ती आवश्यक असते. कृशतेचा आदर्श नेमक्या याच वाढीला दोष ठरवितो. दीर्घकाळ अपुरा आहार घेतल्याने पाळी बंद होणे, हाडे ठिसूळ होणे, रक्तक्षय, हृदयाची गती मंदावणे, औदासीन्य व एकाग्रतेचा अभाव हे परिणाम संभवतात. ॲनोरेक्सिया नर्व्होसा हा विकार झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या इतर व्यक्तींच्या तुलनेत पाच पटींहून अधिक असते. या मृत्यूंत आत्महत्यांचाही समावेश होतो. भरमसाट खाऊन नंतर ते उलटून टाकण्याच्या बुलिमिया नर्व्होसा या विकाराचे वर्णन ब्रिटिश मानसोपचारज्ञ जेरल्ड रसेल याने १९७९ मध्ये केले. अशा विकारांपर्यंत थोड्याच स्त्रिया पोहोचतात. परंतु सततचे असमाधान व खाण्याविषयीची अपराधी भावना यांनी ग्रासलेल्या स्त्रियांची संख्या कितीतरी मोठी असते.

मतभेद : आहारविकृतींचा सर्व दोष माध्यमांना देता येत नाही. विल्यम गल (१८१६–९०) व शार्ल लासेग (१८१६–८३) यांनी ॲनोरेक्सियाचे वर्णन १८७३ मध्ये, म्हणजे चित्रपट व दूरचित्रवाणी यांच्या उदयापूर्वी केले होते. आनुवंशिकता, स्वभाव व कौटुंबिक परिस्थिती यांचाही त्यात वाटा असतो. हाँगकाँगमधील सिंग ली याने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ७० रुग्णांच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये जाड होण्याची भीती आढळली नाही. तेव्हा माध्यमे हा विकार शून्यातून निर्माण करीत नाहीत. मात्र मनातील अस्वस्थतेला कोणते रूप यावे, हे ठरविण्यात त्यांचा हात असतो, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होय.

प्रतिबंधक उपाय : २००६ मध्ये माद्रिद येथील वस्त्रप्रदर्शनात १८ पेक्षा कमी देहभारांक (वजनाच्या किग्रॅ.मधील आकड्याला उंचीच्या मीटरमधील आकड्याच्या वर्गाने भागून येणारा अंक) असलेल्या मॉडेलांना मज्जाव करण्यात आला, १·७५ मी. उंचीच्या स्त्रीच्या बाबतीत ही मर्यादा सु. ५५ किग्रॅ. वजनाइतकी होते. इझ्राएलने २०१२ मध्ये याच स्वरूपाचा कायदा केला. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलांना वैद्यकीय प्रमाणपत्र, तसेच देहाचा आकार बदललेल्या जाहिरातींवर तशी सूचना छापणे आवश्यक करण्यात आले. नॉर्वेतही २०२२ पासून अशा सूचनेची सक्ती आहे. वैद्यकीय अटींमुळे मॉडेलांना काही संरक्षण मिळते. परंतु छापील सूचनांमुळे पाहणाऱ्या स्त्रियांचे असमाधान कमी होत नाही, असे बहुतेक प्रयोगांत आढळले आहे. चित्र खोटे आहे हे कळले, तरी त्यातील आदर्शाची ओढ कायम राहते.

याउलट, मुलींनी एकत्र बसून या आदर्शाची स्वतः चिकित्सा करावी व त्याविरुद्ध स्वतःच्या शब्दांत युक्तिवाद करावा, अशी एरिक स्टाइस व त्याच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली गटपद्धती अधिक गुणकारी ठरली आहे. देहप्रतिमा इतरांच्या नजरेतून घडते. त्यामुळे ती सुधारण्याचे कामही एकट्या व्यक्तीवर सोपवून भागत नाही. घर, शाळा व मैत्रिणींचा मेळा यांत मुलीच्या देहाविषयी काय बोलले जाते आणि तिच्या ताटात काय वाढले जाते, यांवर माध्यमांचा प्रभाव कितपत टिकेल हे मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.