बिंदुसरेसाठी किती रुपये द्याल?

बालाघाटाच्या डोंगरात उगम पावणारी बिंदुसरा बीड शहर ओलांडून सिंदफणेला मिळते आणि तिचं पाणी पुढे गोदावरीत जातं. शहरातलं सांडपाणीही त्याच वाटेनं जातं. ही नदी स्वच्छ होण्याची किंमत बाजारात कुठेच लिहिलेली नसते, म्हणून अर्थतज्ज्ञ ती लोकांनाच विचारतात: नदी स्वच्छ होणार असेल तर पाणीपट्टीबरोबर महिन्याला अमुक रुपये जास्त द्याल का?

अलास्काच्या किनाऱ्यावर 1989 मध्ये एक्झॉन व्हाल्डीझ जहाजातून तेल सांडलं. त्या नुकसानीची किंमत अशीच लोकांना विचारून ठरवण्याच्या पद्धतीवर मोठा वाद झाला. अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या समितीनं 1993 मध्ये सुचवलं, की ‘किती द्याल?’ असं मोघम विचारू नका. ठरावीक रक्कम सांगून हो किंवा नाही विचारा, आणि तेवढाच खर्च घरात दुसरीकडे कमी होईल याचीही आठवण करून द्या.

बीडसारख्या जिल्ह्यात उत्तरं फार जपून वाचायला हवीत. ऊसतोडीला जाणारं कुटुंब ‘नाही’ म्हणतं ते ऐपत नसल्यामुळे, नदी नकोशी आहे म्हणून नव्हे. कुणाला पैसे नदीपर्यंत पोचतील याचा भरवसा नसतो. अशा ठिकाणी रुपयांऐवजी श्रमदानाचे दिवस विचारणं मला अधिक न्याय्य वाटतं.