खडे काढून वाळू: फिश टँकविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्नरच्या पूर्व भागात, निमगाव सावासारख्या गावात, वाळू ही ब्रासने मोजायची वस्तू. कुणाचं तरी घर बांधून होतं आणि उरलेला ढीग महिनोन् महिने अंगणाच्या कडेला पडून राहतो. घरात काचेची टाकी असेल तर त्या ढिगाकडे नजर जातेच. दुकानातून आणलेले निळे-हिरवे खडे काढावेत आणि घमेलंभर वाळू पसरावी, म्हणजे मासे नदीत असल्यासारखे दिसतील. हा विचार बोलून दाखवला की लगेच सल्ले सुरू होतात: वाळूत गॅस होतो, पाणी कधी निवळत नाही, मासे आठवड्यात मरतात.

या सल्ल्यांतले काही ऐकीव आहेत, काही अर्धे खरे. वाळूमुळे मासे सहसा मरत नाहीत, बदल करताना केलेल्या घाईमुळे मरतात. टाकीचा फिल्टर नेमका कुठे आहे हे न बघता खडे उपसले, किंवा वाळू कसली आहे हे न तपासता ओतली, की ही घाई नडते.

गैरसमज: खडे म्हणजे नुसती शोभा. काढले काय आणि ठेवले काय, सारखंच.

वस्तुस्थिती: माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो माशांना विषारी असतो. नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पायरा यांसारखे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. स्पंज, खडे, काच, जिथे पृष्ठभाग आणि वाहतं पाणी मिळेल तिथे चिकटून राहतात. टाकीत वेगळा स्पंज किंवा पॉवर फिल्टर असेल तर त्यांची मोठी वसाहत तिथेच असते, आणि खडे काढल्याने फार बिघडत नाही.

पण आपल्याकडच्या अनेक टाक्यांत खड्यांखाली जाळीची प्लास्टिक प्लेट आणि तिला जोडलेली हवेची मोटर असते. ही अंडरग्रॅव्हल पद्धत. हिच्यात पाणी खड्यांतूनच खाली ओढलं जातं, म्हणजे खडे हाच फिल्टर. ते एका दुपारी बाहेर काढणं म्हणजे फिल्टर फेकून देणं. वर त्याच प्लेटवर वाळू घातली तर ती जाळीतून खाली उतरते किंवा जाळी बुजवते. अशा टाकीत आधी स्पंज फिल्टर लावावा, तो खड्यांच्या जोडीने चार ते सहा आठवडे चालू द्यावा, आणि मगच खडे व प्लेट दोन्ही काढावीत.

आपल्या भागात हे जास्त जपायला हवं, कारण विहिरी-बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे तेवढ्याच घाणीचा त्रास दहापट.

गैरसमज: टाकी उघडलीच आहे, तर सगळंच लख्ख धुऊन घ्यावं.

वस्तुस्थिती: मासे दगावण्याचं हे बहुधा सगळ्यात मोठं कारण. खडे काढले त्याच दिवशी स्पंजही नळाखाली धरून पिळला, तर उरलेले जीवाणूही जातात. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं असतं, आणि त्यातलं क्लोरीन जीवाणू मारण्यासाठीच असतं. खडे बदलण्याच्या दिवशी स्पंजला हात लावू नये. दोन-तीन आठवड्यांनी तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच पिळावा. नव्याने भरायच्या पाण्यात दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन घालावं. पाणी उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवलं तरी साध्या क्लोरीनचा जोर ओसरतो.

गैरसमज: नदीची वाळू नैसर्गिक, म्हणून निर्धोक.

वस्तुस्थिती: नदीच्या वाळूत काय असेल, हे त्या नदीच्या खोऱ्यावर ठरतं. कुकडी, मीना, घोड या नद्या दख्खनच्या काळ्या बेसाल्टमधून वाहतात. त्यांच्या वाळूत बेसाल्टचा चुरा तर असतोच, शिवाय गारगोटी, झिओलाइट आणि चुनखडीचे खडेही असतात. कुकडीकाठच्या बोरीजवळ नदीच्या जुन्या थरांत चुन्याने घट्ट जोडलेले गोटे आहेत, आणि ज्वालामुखीच्या राखेचा थरही आहे. त्यामुळे एकाच काठावरून दोन ठिकाणची वाळू आणली तर ती सारखी निघेलच असं नाही.

चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते आणि पाण्याचा जडपणा वाढवते. पाणी मुळातच जड असेल तर फरक थोडा पडतो, आणि गप्पी, मॉली यांना तसं पाणी मानवतंही. पण टेट्रा किंवा डिस्कससारख्या मऊ पाण्यातल्या माशांसाठी, आणि आरओचं किंवा पावसाचं पाणी वापरणाऱ्यांसाठी, ही वाळू अडचणीची ठरते.

तपासणी घरीच होते. धुऊन वाळवलेली मूठभर वाळू ताटलीत घ्या आणि तिच्यावर व्हिनेगर ओता किंवा लिंबू पिळा. बारीक बुडबुडे फसफसले तर चुना आहे. नुसत्या पांढऱ्या दाण्यांवरून ठरवू नका, कारण गारगोटीही पांढरीच असते आणि ती फसफसत नाही. खात्री हवी असेल तर बरणीत आरओचं पाणी आणि वाळू आठवडाभर ठेवा आणि आरओवाल्याकडे असतो त्या टीडीएस मीटरने आधीचा आणि नंतरचा आकडा पाहा.

दुसरी तपासणी चुंबकाची. जुन्या स्पीकरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरड्या वाळूतून फिरवला की त्याला काळ्या दाण्यांच्या मिशा फुटतात. हे बेसाल्टमधलं मॅग्नेटाइट. माशांना त्याचा त्रास नाही. पण पॉवर फिल्टरचा फिरता भाग चुंबकाचाच असतो. त्याला हे दाणे चिकटले की तो घासून खराब होतो. काच पुसायच्या चुंबकी ब्रशला चिकटले तर काचेवर कायमचे ओरखडे उठतात. त्यामुळे चुंबक पुन्हा पुन्हा फिरवून जेवढे दाणे निघतील तेवढे काढून टाकावेत.

आणखी एक. वाळू हे गौण खनिज आहे. नदीपात्रातून परवानगीविना वाळू उचलली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली कारवाई होते. टाकीला लागते घमेलंभर. ती बांधकामावरून मागून घ्यावी, नाहीतर पाणी गाळण्यासाठी मिळणारी धुतलेली सिलिका वाळू विकत आणावी.

गैरसमज: क्रश सँडही वाळूच, ती चालून जाईल.

वस्तुस्थिती: खडी फोडून केलेल्या वाळूचे दाणे कोनदार असतात, आणि त्यांच्यात दगडाची भुकटी भरपूर असते. बांधकामाला हा आकार उपयोगी पडतो. तळाशी तोंड खुपसून चरणाऱ्या माशाच्या ओठांना आणि मिशांना तो ओरबाडतो. शिवाय बांधकामाच्या मापात ४.७५ मिलिमीटरपर्यंतचा दाणा बारीक मालातच धरला जातो. टाकीसाठी साधारण अर्धा ते दीड मिलिमीटरचा गोलसर दाणा हवा. म्हणून नदीची वाळूही आधी चाळून घ्यावी. वर राहिलेले खडे आणि अगदी पिठासारखा भाग, दोन्ही बाजूला काढावेत.

गैरसमज: वाळू घातली की पाणी कायम गढूळ राहतं.

वस्तुस्थिती: पाणी वाळूने गढूळ होत नाही, तिच्यातल्या मातीने होतं. बादलीत पाव भाग वाळू घ्या, पाइप तळापर्यंत घाला, हाताने ढवळत पाणी वरून वाहू द्या. पहिलं पाणी चहासारखं येईल. वरचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच करत राहा. ते पाणी झाडांना घाला. दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीला चार सेंटिमीटरच्या थरासाठी सुमारे सात लिटर, म्हणजे दहा-अकरा किलो वाळू लागते. ती दोन-तीन खेपांत धुतलेली बरी. तळाशी वाळू पसरल्यावर तिच्यावर ताटली ठेवून पाणी ताटलीवर ओतावं, म्हणजे खड्डा पडत नाही. एवढं करूनही थोडा गढूळपणा येतो आणि एक-दोन दिवसांत बसतो. तोवर पॉवर फिल्टर बंद ठेवून हवेवर चालणारा स्पंज फिल्टर चालू ठेवावा.

गैरसमज: वाळूत विषारी गॅस साठतो आणि एक दिवस सगळे मासे मरतात.

वस्तुस्थिती: हा अर्धा खरा आहे. वाळूच्या खोल थरात ऑक्सिजन पोहोचत नाही आणि तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. पण अडीच ते चार सेंटिमीटरच्या थरात तो धोक्याइतका साठणं अवघड, आणि वरच्या ऑक्सिजनयुक्त पाण्यात थोडाफार आला तर लवकर निष्प्रभ होतो. धोका असतो तो दहा-बारा सेंटिमीटरचा, वर्षानुवर्षं न हललेला थर एकदम उकरण्यात. उथळ थर ठेवावा, आठवड्यातून एकदा बोटाने किंवा काडीने वरवर हलवावा. मेलानॉइडिस जातीची लांबट, टोकदार शंखाची गोगलगाय भारतातल्या पाणवठ्यांत सर्रास आढळते. ती वाळूत बिळं करत फिरते आणि हे काम आपोआप होतं. मात्र खाणं जास्त पडलं की तिची संख्याही भराभर वाढते.

गैरसमज: खड्यांची टाकी स्वच्छ, वाळूची घाणेरडी. आणि सकर मासा असला की सफाईची चिंता नाही.

वस्तुस्थिती: खड्यांच्या फटींत घाण उतरते आणि नजरेआड होते, एवढंच. खडे उपसताना पाण्यात उठणारा तपकिरी गाळ पाहिला की ती किती साठली होती ते कळतं. वाळूत फटी बारीक, त्यामुळे घाण वरच राहते आणि डोळ्यांना खुपते. पण ती सायफनचं तोंड वाळूच्या बोटभर वर धरून सहज ओढता येते. सकर मासा शेवाळ खरवडतो, विष्ठा खात नाही. तो मोठा होतो तशी स्वतःच भरपूर घाण करतो.

गैरसमज: वाळू सगळ्याच माशांना चांगली.

वस्तुस्थिती: फरक पडतो तो तळाशी राहणाऱ्यांना. कोरीडोरस तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून बाहेर सोडतो. खड्यांत त्याला हे जमत नाही. गोल्डफिश तळ चाळत खातो, आणि वाटाण्याएवढा खडा कधी कधी त्याच्या घशात अडकतो. लोच जातीचे मिशाळ मासे वाळूत लपतात. त्यांतला पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा लोच मूळचा पश्चिम घाटातल्या नद्यांचा आहे आणि आज धोक्यात आलेल्या प्रजातींत गणला जातो. गप्पी, मॉली, गुरामी, फायटर वरच्या-मधल्या पाण्यात वावरतात. त्यांना खाली काय आहे याने फारसा फरक पडत नाही.

बदल करायचाच असेल तर

टाकीतलंच पाणी मोठ्या टबात घ्या, त्यात मासे आणि चालू स्पंज फिल्टर ठेवा, वर जाळी किंवा कापड झाका. खडे काढा, तळाचा गाळ सायफनने ओढा, धुतलेली वाळू पसरा. शक्य तेवढं जुनंच पाणी परत भरा. जुने खडे मूठभर, पातळ कापडी पिशवीत बांधून पुढचे तीन-चार आठवडे टाकीत टांगून ठेवले तर त्यांच्यावरचे जीवाणू कामी येतात. पहिले दोन आठवडे खाणं निम्मं करा. दर एक-दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट तपासा. आकडा वर दिसला की पाव टाकी पाणी बदला.

टाकीत नुसते गप्पी असतील, अंडरग्रॅव्हल प्लेट नीट चालत असेल आणि मासे पिल्लं देत असतील, तर खडे तसेच राहू द्या. महिन्यातून दोनदा त्यांच्यातून सायफन फिरवला तरी पुरेसं आहे.