खुब्याचे दुखणे आणि नसेची भूल

पहाटेची वेळ असते. न्हाणीघरातील ओल्या फरशीवरून पाय घसरतो आणि घरातील वडीलधारी व्यक्ती कुशीवर पडते. पडण्याचा आवाज फारसा मोठा नसतो. मोठी असते ती त्यानंतरची असहायता. उठता येत नाही, एक पाय किंचित आखूड होऊन बाहेरच्या बाजूस वळलेला दिसतो आणि त्याला कोणी हात लावताच किंकाळी फुटते. मांडीच्या हाडाचे खुब्यात बसणारे वरचे टोक मोडले असावे, हा अंदाज अनुभवी डॉक्टर क्ष-किरण चित्र निघण्यापूर्वीच बांधतात.

अशा अस्थिभंगावर बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच करावी लागते. मात्र ती तत्काळ होत नाही. रक्ताच्या तपासण्या, हृदयाचा आलेख, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास त्यांचा विचार, शस्त्रक्रियागृहाची उपलब्धता आणि आपल्याकडे पैशांची जुळवाजुळव, या सर्वांत वेळ जातो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह सतरा देशांतील रुग्णांच्या अभ्यासात नेहमीच्या पद्धतीने उपचार मिळालेल्या गटाला निदानानंतर शस्त्रक्रियेसाठी सुमारे चोवीस तास थांबावे लागले होते. या काळात रुग्णाला गाडीतून उतरवावे लागते, क्ष-किरणासाठी हलवावे लागते, बेडपॅन द्यावे लागते. प्रत्येक हालचालीत मोडलेली टोके एकमेकांवर घासतात. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल मिळणार हे सर्वांना ठाऊक असते. या मधल्या तासांचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही.

नेहमीची वेदनाशामके येथे अपुरी पडतात. पॅरासिटॅमॉल सुरक्षित, पण एवढ्या वेदनेपुढे दुबळे. सूज उतरविणाऱ्या गोळ्या वृद्धांच्या मूत्रपिंडावर आणि जठरावर ताण आणतात. अफूपासून बनलेली मॉर्फिनसारखी औषधे प्रभावी खरी; परंतु त्यांच्यामुळे मळमळ होते, बद्धकोष्ठता जडते, श्वास मंदावतो आणि वयस्कर मेंदूला भ्रम होतो. कालपर्यंत वर्तमानपत्र वाचणारे आजोबा रात्री स्वतःच्या मुलाला ओळखेनासे होतात, हे दृश्य नातेवाइकांना हाड मोडण्याहूनही अधिक हादरवून सोडते. ही भ्रमावस्था केवळ औषधानेच येते असे नव्हे, न शमलेली वेदनाही तिला कारण होते. म्हणजे औषध द्यावे तरी अडचण आणि न द्यावे तरी अडचण!

या पेचातून वाट काढणारा उपाय म्हणजे ‘नर्व्ह ब्लॉक’, अर्थात नसेभोवती दिलेली भूल. वेदनेचा संदेश नसेतून विद्युत्‌लहरीच्या रूपाने मेंदूकडे जातो. सोडियमचे कण नसेच्या पेशीत शिरले की ही लहर पुढे सरकते. बुपिव्हॅकेन किंवा रोपिव्हॅकेनसारखे औषध हा प्रवेशमार्ग काही तासांपुरता अडवते. बँकेच्या ग्राहकांना परिचित उदाहरण द्यायचे तर, खातेदाराने एका धनादेशाचे प्रदान थांबविण्याची सूचना दिली म्हणून खाते बंद होत नाही. तेवढा एक धनादेश वटत नाही आणि बाकी व्यवहार चालू राहतो. येथेही रुग्ण जागा असतो, बोलतो, पाणी मागतो. फक्त खुब्याकडून निघालेली तक्रार मेंदूपर्यंत पोहोचत नाही.

या उपायामागील इतिहास रंजक आहे. १८८४ साली व्हिएन्नातील तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो, हे दाखवून दिले. हायडेलबर्ग येथील परिषदेला जाण्याइतके पैसे त्यांच्यापाशी नव्हते; त्यांचा निबंध दुसऱ्या डॉक्टरांनी वाचून दाखविला. पुढे १८९८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीअर आणि त्यांचे साहाय्यक हिल्डेब्रांट यांनी पाठीच्या मणक्यांतून देण्याच्या भुलेचा प्रयोग चक्क एकमेकांवर केला. बीअर यांच्या बाबतीत सुई आणि पिचकारी एकमेकींना जुळलीच नाहीत, कण्यातील बरेचसे द्रव वाहून गेले आणि प्रयोग फसला. मग पाळी आली हिल्डेब्रांट यांची. नडगीवर हातोडीचे घाव घातले, पेटती सिगार टेकविली, तरी त्यांना वेदना जाणवली नाही. भूल उतरल्यावर दोघांनाही डोकेदुखीने गाठले आणि बीअर यांना तर कित्येक दिवस अंथरूण धरावे लागले. कोकेनचे व्यसन आणि विषबाधा यांची किंमतही त्या पिढीतील काही डॉक्टरांनी मोजली. पुढे प्रोकेन आणि १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये सिद्ध झालेले लिडोकेन आल्यावर ही वाट निर्धोक होऊ लागली.

खुब्याची रचना मात्र भूलतज्ज्ञांची परीक्षा पाहणारी आहे. या सांध्याला एकच नस नाही. सांध्याभोवतीच्या आवरणाचा पुढील भाग वेदनेच्या दृष्टीने सर्वांत संवेदनशील. तेथे फीमोरल, ऑब्ट्युरेटर आणि काही व्यक्तींत अ‍ॅक्सेसरी ऑब्ट्युरेटर या नसांच्या शाखा येतात. मागील बाजूस सायटिक नसेच्या समूहातील शाखा पोहोचतात आणि मांडीच्या बाहेरील त्वचेची नस आणखी वेगळीच. यामुळेच खुब्याची शस्त्रक्रिया केवळ नर्व्ह ब्लॉकवर सहसा केली जात नाही. मुख्य भूल कण्यातील किंवा संपूर्ण बेशुद्धीची असते. ब्लॉकचे काम शस्त्रक्रियेच्या आधीच्या आणि नंतरच्या तासांचे.

१९८९ साली फ्रान्समधील डालेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फॅशिया इलियाका ब्लॉक’ वर्णन केला, तो मुलांसाठी. जांघेजवळच्या स्नायूवरील चिवट पडद्याखाली बरेचसे औषध सोडले की ते पसरत जाऊन एकापेक्षा अधिक नसांना गाठते. ही रीत पुढे वृद्धांच्या अस्थिभंगात सर्वत्र रुळली. ब्रिटनमध्ये प्रशिक्षित परिचारिकाही ती देऊ लागल्या. २०१८ साली टोरांटो येथील डॉक्टरांनी ‘पेंग ब्लॉक’ पुढे आणला. त्यांचे पहिले निवेदन अवघ्या पाच रुग्णांचे होते. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, जांघेतील सोआस स्नायूची दोरी आणि तिच्याखालील हाड यांच्यामधील फटीत सुमारे वीस मिलिलिटर औषध सोडायचे, एवढीच त्याची युक्ती. सांध्याच्या पुढील भागाच्या शाखा बधिर होतात, पण मांडीची ताकद बहुतांशी टिकून राहते आणि रुग्णाला लवकर उभे करता येते.

लाभ मोजला गेला आहे का? २०२० साली कॉक्रेन या संस्थेने एकोणपन्नास चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. ब्लॉक दिल्यानंतर अर्ध्या तासात हालचालीच्या वेळची वेदना, शून्य ते दहाच्या मापावर, सुमारे अडीच अंकांनी अधिक उतरलेली आढळली. आणि साधारण बारा रुग्णांना ब्लॉक दिल्यास त्यांपैकी एकाची भ्रमावस्था टळते, असा निष्कर्ष निघाला. आकड्यांत न दिसणारा एक लाभ भूलतज्ज्ञ आवर्जून सांगतात. कण्यातील भूल देण्यासाठी रुग्णाला बसवावे लागते किंवा कुशीवर वळवावे लागते. मोडलेल्या खुब्याच्या माणसाला ‘जरा पाठ वाकवा’ असे सांगणे केवढे निष्ठुर! आधी ब्लॉक दिलेला असेल तर तोच रुग्ण आधाराने उठून बसतो.

धोके अल्प आहेत, पण आहेत. औषध चुकून रक्तवाहिनीत गेले वा प्रमाण वाढले तर झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून मात्रा वजनाच्या हिशेबाने ठरते आणि विषबाधेवर उतारा म्हणून स्निग्ध पदार्थाचे शिरेतून देण्याचे द्रावण हाताशी ठेवले जाते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, नसेला इजा या गोष्टी क्वचितच घडतात. कधी मांडीतील बळ काही तास कमी होते. अशा वेळी ‘दुखत नाही, मग उठतो’ म्हणणाऱ्या उत्साही आजोबांना आवरावे लागते.

आपल्या देशात या उपायाला एक वेगळे महत्त्व आहे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यामुळे मॉर्फिन मिळविणे रुग्णालयांना दीर्घकाळ जिकिरीचे होते. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सुकर झाली, तरी लहान गावांतील रुग्णालयांत ते सहज सापडेलच असे नाही. स्थानिक भुलेची औषधे मात्र सर्वत्र मिळतात. दुसरीकडे, सोनोग्राफी यंत्रावर गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याची नोंदणी व बंधने आहेत. कायद्याचा हेतू निर्विवाद योग्य आहे. परंतु जांघेतील नस शोधू पाहणाऱ्या भूलतज्ज्ञालाही त्याच कागदपत्रांतून जावे लागते.

खर्चाचा प्रश्न उरतोच. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस उपचाराच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यावयाचा आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत सामावून घेण्यात आले. तरीही रुग्णालयाने सांगितलेल्या एकत्रित दरात ब्लॉकचे शुल्क धरले आहे की ते स्वतंत्र आहे, हे दाखल होतानाच विचारलेले बरे. त्याच वेळी चालू गोळ्यांची यादी, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्यांची, आणि यापूर्वी भुलेच्या औषधाचा काही त्रास झाला असल्यास तोही भूलतज्ज्ञांच्या कानावर घालावा.

एकदाच दिलेल्या ब्लॉकचा अंमल काही तास, फार तर दिवसभर टिकतो आणि पुष्कळदा तो नेमका रात्री, जवळच्या नातेवाइकाला डुलकी लागली असताना, उतरू लागतो. वेदना परतण्यापूर्वी द्यावयाच्या पुढच्या गोळीची वेळ संध्याकाळीच परिचारिकेला विचारून कागदावर लिहून ठेवली असेल, तर त्या रात्री दोघांनाही झोप लागते.