प्रकाश तोच, पदार्थ नवा

प्रकाशतंतू, म्हणजे प्रकाशाच्या स्पंदांच्या रूपात संदेश वाहून नेणारा केसाएवढा बारीक काचेचा धागा, आणि सौरघट, म्हणजे प्रकाशाचे थेट विजेत रूपांतर करणारी सिलिकॉनची पातळ चकती, या दोन शोधांविषयी जे गैरसमज रूढ आहेत, त्यांतील बहुतेकांचे मूळ एकच आहे: श्रेय प्रकाशाच्या एखाद्या नियमाला किंवा एखाद्या थोर नावाला दिले जाते आणि ज्या पदार्थामुळे तो नियम कामाला आला, तो पदार्थ विस्मरणात जातो.

भारतात वारंवार ऐकू येणारा समज असा की, प्रकाशतंतूचा शोध नरिंदरसिंग कपानी यांनी लावला, परंतु त्याचे नोबेल पारितोषिक २००९ मध्ये चार्ल्स काओ यांना मिळाले. कपानी यांचे कार्य मोठे आहे यात शंका नाही. १९५४ मध्ये त्यांनी आणि हॅरल्ड हॉपकिन्स यांनी तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पलीकडे पोहोचवल्याचे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले, आणि ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ झाले तेही त्यांच्यामुळेच. मात्र काचेसारख्या दाट माध्यमाच्या कडेवर आतून पुरेसा तिरकस पडलेला प्रकाश बाहेर न जाता आतच परततो, हे पूर्ण आंतरिक परावर्तनाचे तत्त्व त्याहून बरेच जुने होते. झां-दानिएल कोलादाँ यांनी १८४१ मध्ये जिनिव्हात पाण्याच्या वाकड्या धारेतून प्रकाश वळवून दाखवला होता. शिवाय १९५४ च्या जुडग्याचा उद्देश शरीराच्या आत डोकावता यावे यासारखा, म्हणजे थोड्या अंतरापुरता होता. शेकडो किलोमीटर संदेश धाडण्याचा प्रश्न निराळा होता आणि काओ यांना पारितोषिक मिळाले ते त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी.

हा प्रश्न क्षीणनाचा, म्हणजे वाटेत प्रकाश मंदावत जाण्याचा होता. क्षीणन डेसिबलमध्ये मोजतात आणि दर १० डेसिबलला प्रकाश दहाव्या हिश्श्यावर येतो. १९६० च्या दशकातील तंतूंत ते किलोमीटरला सुमारे १,००० डेसिबल होते, म्हणजे अवघ्या २० मीटरमध्ये प्रकाशाचा शंभरावा भाग उरत असे. त्यामुळे काच दूरसंचाराच्या कामाची नाही, असे जाणकारांनाही वाटणे स्वाभाविक होते. इंग्लंडमधील हार्लो येथे, टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत, काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये असे प्रतिपादन केले की, दोष काचेचा नसून तिच्यातील लोहासारख्या अशुद्धींचा आहे आणि क्षीणन किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत उतरवता आले, तर तंतू व्यवहारात येईल. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी १९७० मध्ये १७ डेसिबलचा तंतू केला. त्यासाठी त्यांनी अतिशुद्ध सिलिका घेतली, पण गाभ्यात, म्हणजे तंतूच्या प्रकाश वाहणाऱ्या मधल्या भागात, मात्र थोडे टायटॅनियम मुद्दाम मिसळले, कारण प्रकाश आतच परतण्यासाठी गाभ्याचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याची क्षमता) भोवतीच्या काचेच्या आवरणापेक्षा किंचित अधिक असावा लागतो. आजच्या तंतूत क्षीणन सुमारे ०.२ डेसिबल असल्याने शंभरावा भाग उरण्यास १०० किलोमीटर लागतात.

फायबर वेगवान असते ते प्रकाशाच्या वेगामुळे, हा समजही तपासून पाहावा लागतो. निर्वात पोकळीत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाणारा प्रकाश काचेत सुमारे २ लाखांवर येतो आणि तांब्याच्या चांगल्या केबलमधील विद्युतसंदेशही साधारण त्याच वेगाने, किंबहुना कधी अधिक वेगाने, धावतो. तंतूचे सामर्थ्य क्षमतेत आहे: प्रकाशाची वारंवारता अतिशय उच्च असल्याने एका सेकंदात अफाट माहिती त्यावर लादता येते आणि निरनिराळ्या तरंगलांबींचे प्रवाह एकाच तंतूतून एकत्र सोडता येतात.

सौरघटाकडे वळल्यास, तो आइन्स्टाइन यांचा शोध, हा समज प्रथम भेटतो. त्यांनी १९०५ मध्ये स्पष्ट केलेल्या प्रकाशविद्युत परिणामात इलेक्ट्रॉन धातूबाहेर फेकले जातात. सौरघटात ते पदार्थाच्या आतच राहून वाहू लागतात, आणि प्रकाशाने वीज निर्माण होते हे एदमों बेकरेल यांनी १८३९ मध्येच नोंदवले होते. येथेही अडले ते पदार्थापाशीच. अमेरिकेतील टेलिफोन कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत रसेल ओल यांना १९४० मध्ये भेग पडलेल्या सिलिकॉनच्या एका तुकड्यावर प्रकाश पडताच वीज मिळाली, कारण भेगेच्या दोन बाजूंना अशुद्धी निरनिराळ्या साठल्या होत्या. जे तेथे अपघाताने घडले, ते त्याच प्रयोगशाळेतील डॅरिल चेपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांनी आर्सेनिकयुक्त सिलिकॉनवर बोरॉनचा पातळ थर मुरवून हेतुपुरस्सर घडवले आणि १९५४ मध्ये सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा घट सिद्ध केला. पर्यावरणाची काळजी त्यामागे नव्हती. उष्ण व दमट प्रदेशांत टेलिफोन यंत्रणेच्या बॅटऱ्या लवकर निकामी होत, त्यांना पर्याय हवा होता.

आजचे पॅनेल २० टक्क्यांच्या आसपास वीज देते, यावरून ते तंत्रज्ञान अपुरे असल्याचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. विल्यम शॉक्ली आणि हान्स क्वेसर यांनी १९६१ मध्ये दाखवले की, एकाच संधीच्या (निरनिराळ्या अशुद्धींचे दोन थर जिथे मिळतात, ती संधी) घटाच्या कार्यक्षमतेला मर्यादा असते, आजच्या हिशोबाने सुमारे ३३ टक्क्यांची, कारण कमी ऊर्जेचे प्रकाशकण वाया जातात आणि जास्त ऊर्जेच्या कणांतील अतिरिक्त भाग उष्णतेत जातो.

ही उष्णता घटाला मुळीच मानवत नाही, आणि ‘जितके ऊन कडक, तितकी वीज अधिक’ या समजुतीची अडचण तीच आहे. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला सिलिकॉन घटाची शक्ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर तेवढ्याच प्रकाशात १२ ते १६ टक्के वीज कमी मिळते, आणि छतावर पॅनेल बसवताना त्याखाली हवा खेळती राहील अशी मोकळी जागा ठेवण्याचे हेही एक कारण आहे.